आपल्या गावाविषयी लिहिताना : नवलेखकांसाठी एक पाठ

लेखन ही केवळ प्रतिभावंतांची मिरास आहे, असा एक समज समाजात रूढ आहे. कविता, कथा, कादंबरी यांच्या बाबतीत त्यात काही तथ्य असेलही. परंतु आपल्या भोवतालच्या जीवनाविषयी थोडक्यात, नेमकेपणाने व नियमितपणे लिहिणे ही गोष्ट अभ्यासाने साध्य होण्यासारखी आहे. शेतकरी, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी यांपैकी कोणीही ती हस्तगत करू शकतो. असे लेखन हस्तलिखितात प्रसिद्ध होवो, शाळेच्या वार्षिकात होवो, वृत्तपत्रात होवो की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होवो, त्याचे गुणदोष मात्र सर्वत्र सारखेच असतात.

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील वटार या गावाचे उदाहरण घेऊन या लेखनाचा विचार करता येईल. नालासोपारा व विरार या रेल्वे स्थानकांच्या पश्चिमेस समुद्राकडे पसरलेल्या वाड्यांच्या पट्ट्यात हे गाव वसले आहे. केळी, भाजीपाला, फुलझाडे, विहिरी, बावखळे आणि घरोघरी बोलल्या जाणाऱ्या निरनिराळ्या बोली हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य होय. मात्र गेल्या काही दशकांत मुंबईच्या विस्तारामुळे हे सारे झपाट्याने बदलत आहे. कालची वाडी आज इमारतीखाली जाते. कालचा शब्द आज नातवाला कळेनासा होतो. ज्याची नोंद झाली नाही ते पुढील पिढीच्या दृष्टीने जणू घडलेच नाही, असे ठरते. म्हणूनच अशा गावातील नवलेखकाच्या चार ओळींनाही मोल आहे.

परंपरा : थोडक्यात लिहिण्याची

लोकांसाठी थोडक्यात लिहिण्याची परंपरा या परिसरात फार जुनी आहे. वटारच्या शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आढळला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील हे लेख ब्राह्मी लिपीत व लोकांना समजणाऱ्या प्राकृत भाषेत कोरलेले आहेत. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात व शिकार करीत, अशोकाने मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी धर्मयात्रेस प्रारंभ केला, एवढाच आठव्या लेखाचा विषय आहे. नवलेखकाला हवे असलेले तिन्ही गुण या छोट्या मजकुरात दिसतात. विषय एकच आहे, काळ सांगितला आहे आणि भाषा वाचणाऱ्याची आहे.

आधुनिक मराठी गद्याचा पायाही अशाच छोट्या व नियमित लेखनाने घातला गेला. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्यानंतर १८४८ मध्ये गोपाळ हरि देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहिण्यास आरंभ केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते. १८५० पर्यंत त्यांनी लिहिलेली १०८ पत्रे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. एका पत्रात एक प्रश्न घ्यावा व तो सरळ भाषेत मांडून थांबावे, ही त्यांची सर्वसाधारण रीत होती. पुढे १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले व त्यांतील बहुतेक मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला.

हे लेखक तत्कालीन सुशिक्षित वर्गातील होते, असे कोणी म्हणेल. त्यासाठी आणखी तीन उदाहरणे ध्यानात घ्यावी लागतील. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मुलीने महार व मांग समाजांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये प्रसिद्ध झाला. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ होते. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत जे डोळ्यांनी पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले व ‘माझा प्रवास’ या नावाने ते १९०७ साली छापले गेले. लक्ष्मीबाई टिळक यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. विवाहानंतर त्या लिहावयास शिकल्या आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. या तिघांजवळही अलंकारिक भाषेचे भांडवल नव्हते. जे स्वतः पाहिले व सोसले ते नेमके सांगण्याची इच्छा मात्र होती.

वसईच्या मातीतही हा वारसा पुढे चालला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात वसईहून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ या मराठी मासिकाचे संपादन केले. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीतही त्यांचा प्रमुख सहभाग होता. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. गावाशी जडलेले नाते आणि लेखणी यांचा मेळ कसा बसतो, याचे हे जवळचे उदाहरण होय.

विषयाची निवड

नवलेखकाची पहिली चूक बहुधा विषय निवडतानाच होते. ‘माझे गाव’, ‘बदलता काळ’, ‘पर्यावरण आणि मानव’ असे विस्तीर्ण विषय तो घेतो. असा विषय सहाशे शब्दांत मावत नाही. मग लेखक सर्वांना ठाऊक असलेली विधाने एकामागून एक मांडीत जातो व वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

विषय जितका लहान, तितके त्याविषयी सांगता येण्याजोगे अधिक असते. ‘पर्यावरण’ या ऐवजी ‘बावखळ’ हा विषय घ्यावा. बावखळ म्हणजे वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते व आसपासच्या विहिरींना आधार देते. पूर्वी अशा पाण्यावर रहाट फिरत व वाड्या शिंपल्या जात. पुढे रहाटाची जागा पंपाने घेतली. नंतर अनेक ठिकाणी बावखळेच बुजविली गेली. हा विषयही एका लेखाला मोठाच आहे. ‘आमच्या वाडीतील एक बावखळ’ एवढा तो आणखी आवळला, म्हणजे नवलेखकाच्या आटोक्यात येतो.

विषय निवडताना तीन प्रश्न विचारावेत. या विषयातील काही तरी लेखकाने स्वतः पाहिले आहे काय? त्याविषयी अधिक जाणणारी माणसे जवळपास आहेत काय? आणि हे लिहिले नाही तर काही हरवण्याचा संभव आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तर विषय योग्य आहे, असे समजावे. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करण्याची रीत, भाजी व फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या स्त्रियांचा दिनक्रम, वाड्यांची व वाटांची जुनी नावे, लग्नघरातील गाणी गाणाऱ्या आजीबाई, गावातील जुन्या शाळेचा पट, असे कितीतरी विषय या कसोटीला उतरतात.

पाहणे, विचारणे आणि पडताळणे

लेखनाचा निम्मा भाग लेखणी हाती घेण्यापूर्वीच पूर्ण होतो. त्यासाठी एक लहान टिपणवही जवळ ठेवावी. प्रत्येक नोंदीवर दिनांक, स्थळ व वेळ लिहावी. ‘खूप’, ‘मोठे’, ‘जुने’ अशी विशेषणे वहीत येऊ देऊ नयेत. बावखळ मोठे आहे असे न लिहिता, ते पावलांनी मोजून लांबी-रुंदी लिहावी. पाणी कमी झाले असे न लिहिता, कोणत्या महिन्यात ते कोणत्या पायरीपर्यंत उतरले ते नोंदवावे. अशी नोंद बारा महिने झाली, तर ती लेखापुरती राहत नाही. गावाच्या दृष्टीने तो एक दस्तऐवज ठरतो.

दुसरी पायरी विचारपूस करण्याची. गावातील वृद्ध माणसे हे माहितीचे जिवंत भांडार होय. त्यांच्याकडे जाताना प्रश्न लिहून न्यावेत, परंतु बोलणे मात्र त्यांच्या ओघाने होऊ द्यावे. ‘पूर्वीचे दिवस कसे होते?’ या प्रश्नाला ‘चांगले होते’ एवढेच उत्तर मिळते. ‘रहाटाला बैल असे की रेडा? त्याला सकाळी किती वाजता जुंपीत? रहाटाची दुरुस्ती कोण करी?’ असे विचारले म्हणजे बंद झालेली कवाडे उघडतात. सांगणाऱ्याचे नाव लेखात घालावयाचे असेल तर त्याची अनुमती घ्यावी. लेख पूर्ण झाल्यावर त्याचा भाग त्याला वाचून दाखवावा. वडीलधाऱ्या माणसाने विश्वासाने सांगितलेली घरगुती बाब त्याच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडू नये.

तिसरी पायरी पडताळणीची. माणसाची स्मृती ही कितीही प्रामाणिक असली तरी वर्षांची गल्लत करते. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसरात पुराचे पाणी शिरले व लोहमार्गावर पाणी साचून रेल्वे वाहतूक विस्कळीत झाली. ही अलीकडची घटना असूनही तिचे वर्ष सांगताना लोक चुकतात. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल काय सांगावे? यास्तव एकाने सांगितलेली तारीख दुसऱ्या माणसाकडून व शक्य तर लेखी साधनावरून पडताळून घ्यावी.

अशी लेखी साधने सामान्य माणसालाही उपलब्ध आहेत. सातबाराच्या उताऱ्यावरून जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, धारकांची नावे व पिकांची नोंद समजते. फेरफार नोंदींवरून जमिनीच्या हक्कांत कसकसे बदल होत गेले ते कळते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या गॅझेटियरमध्ये त्या काळच्या वसई तालुक्याची शेती, लोकवस्ती, व्यापार व स्थळे यांची विपुल माहिती आहे. शाळेचे पट, चर्चमधील बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी, देवस्थानांचे हिशेब, जुन्या वृत्तपत्रांच्या संचिका यांचाही उपयोग होतो, मात्र त्या पाहण्यासाठी संबंधितांची परवानगी घ्यावी. सार्वजनिक कार्यालयातील माहिती हवी असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो.

प्रशासकीय नावांच्या बाबतीतही दक्षता हवी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली. त्यामुळे १९८० मधील घटनेच्या संदर्भात ‘पालघर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी’ असे लिहिले, तर लेखातील इतर सत्य माहितीवरही वाचकाचा विश्वास बसत नाही.

मांडणी : एक नमुना

माहिती जमल्यावर ती सर्वच्या सर्व लेखात कोंबण्याचा मोह होतो. तो आवरावा. लेखातून कोणती एक गोष्ट वाचकाच्या ध्यानी राहावी, ते आधी एका वाक्यात लिहून काढावे. जी माहिती त्या वाक्याला साहाय्यक नाही ती वहीतच राहू द्यावी. पुढील लेखास ती उपयोगी पडेल.

सोयीसाठी एकाच विषयावरील दोन परिच्छेद नमुन्यादाखल पाहू. पहिला परिच्छेद असा :

‘वटार हे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे. चोहीकडे हिरवागार शालू पसरलेला असून तो पाहून डोळ्यांचे पारणे फिटते. येथील माणसे साधीभोळी व प्रेमळ आहेत. पूर्वी येथे जणू स्वर्गच नांदत होता. परंतु आता सारे बदलले. मानवाच्या हव्यासाला अंत नाही, हेच खरे.’

या परिच्छेदात व्याकरणाची चूक नाही. तथापि ‘वटार’ हा शब्द काढून तेथे कोकणातील अन्य कोणत्याही गावाचे नाव घातले, तरी त्यात काही फरक पडत नाही. हाच त्यातील मुख्य दोष होय. आता दुसरा परिच्छेद पाहावा :

‘या वाडीच्या कडेला एक बावखळ आहे. पावलांनी मोजले तर ते लांबीला चाळीस व रुंदीला पंचवीस भरते. जूनच्या अखेरीस ते काठोकाठ भरते आणि मार्च उलटला की तळाच्या दगडाचा माथा उघडा पडतो. घरातील आजीच्या लहानपणी त्यावर रहाट होता. रहाटाचा आवाज थांबला की बैल थांबला असे समजून घरातून हाक येई. रहाट गेला व पंप आला. शेजारच्या वाडीतील बावखळ बुजविले असून तेथे आता गाड्या उभ्या राहतात. त्या वाडीतील विहिरीचे पाणी यंदा एप्रिलमध्येच आटले. बावखळ असताना ते कधी आटत असे, हे त्या घरच्या तिघांना विचारले. दोघांनी मे महिना सांगितला, तर तिसऱ्याला आठवत नाही.’

येथे एकही अलंकार नाही. हव्यासाचा उल्लेख नाही की हळहळ नाही. तरीही काय गमावले जात आहे ते वाचकाला समजते, कारण निष्कर्ष काढण्याचे काम लेखकाने त्याच्यावर सोपविले आहे. शेवटच्या वाक्यातील प्रामाणिकपणाही ध्यानात घेण्यासारखा आहे. तिसऱ्या माणसाला आठवत नाही, हे सांगितल्यामुळे पहिल्या दोघांच्या साक्षीचे वजन वाढते.

लेखाचा आरंभ विषयाला थेट हात घालणारा असावा. सुभाषिताने किंवा विश्वाच्या उत्पत्तीपासून प्रारंभ करण्याचे कारण नाही. मधल्या भागात काळाचा क्रम किंवा कारणपरंपरेचा क्रम यांपैकी एक स्वीकारावा व तो मध्येच सोडू नये. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा. सांगण्यासारखे संपले की लेख संपवावा. उपदेशाचे शेपूट जोडल्याने लेखाचे बळ वाढत नाही, उलट वाचकाच्या समजुतीवर अविश्वास दाखविल्यासारखे होते.

प्रमाणभाषा आणि बोली

वसईच्या या पट्ट्यात अनेक बोली नांदतात. सामवेदी ब्राह्मण व कुपारी ख्रिस्ती समाजात बोलली जाणारी सामवेदी बोली कादोडी या नावानेही ओळखली जाते. वाडवळ समाजाची वाडवळी वेगळी, तर किनाऱ्यावरील कोळी बांधवांची बोली आणखी वेगळी. शाळेत प्रमाण मराठी व घरी बोली अशा दुहेरी वातावरणात वाढलेल्या नवलेखकाच्या मनात एक न्यूनगंड असतो. घरातील शब्द लेखात घातला तर वाचक हसतील, असे त्याला वाटते.

ही भीती अनाठायी आहे. निवेदन प्रमाण मराठीत करावे, म्हणजे गडचिरोलीचा वाचकही ते वाचू शकेल. परंतु ज्या वस्तूला, कृतीला किंवा नात्याला प्रमाणभाषेत नेमका शब्द नाही, तेथे बोलीतील शब्दच योजावा व प्रथम आला असताना त्याचा अर्थ वाक्याच्या ओघात सांगावा. ‘बावखळ’ या शब्दाऐवजी ‘जलाशय’ असे लिहिले तर वाक्य भारदस्त दिसेल, पण नेमकी वस्तू मात्र हरवेल. वृद्धांचे बोलणे उद्धृत करावयाचे असल्यास ते त्यांच्याच बोलीत द्यावे आणि खाली त्याचा आशय सांगावा. बोली ठीक ऐकू आली आहे किंवा नाही, याची खात्री ती बोलणाऱ्याकडूनच करून घ्यावी. केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या भाषेची समृद्धी ग्रंथांत आहे, तशीच ती अशा बोलींतही आहे.

शुद्धलेखनाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. एकूण १८ नियम समजून घेणे ही काही फार मोठी बाब नाही. रोज एक नियम घेऊन त्याची दहा उदाहरणे लिहिली, तर तीन आठवड्यांच्या आत हा अभ्यास पुरा होतो. शंका आली की कोश पाहावा. वाक्ये लहान ठेवावीत. एका वाक्यात दोन ‘परंतु’ आले की त्याची दोन वाक्ये करावीत. लेख मोठ्याने वाचून पाहावा. जेथे श्वास अडखळतो, तेथे वाक्यही अडखळलेले असते.

लेखकाची जबाबदारी

गावाविषयी लिहिणारा लेखक गावातच राहतो. ज्यांच्याविषयी लिहिले ते सकाळी एस.टी.च्या थांब्यावर भेटतात. ही अडचण आहे, तशीच ती लेखकाला जबाबदार बनविणारी शिस्तही आहे.

बुजविलेल्या बावखळाविषयी लिहिताना ‘अमक्याने पैसे चारले’ असे ऐकीव विधान करणे गैर आहे. पुराव्यावाचून कोणावर आरोप करणे हा कायद्यान्वये अब्रुनुकसानीचा विषय होऊ शकतो. शिवाय त्यामुळे मूळ प्रश्न बाजूस पडतो व व्यक्तिगत भांडण उरते. बावखळ कोठे होते, ते कोणत्या वर्षापर्यंत होते, आज तेथे काय आहे, कागदपत्रांत काय नोंद आहे, एवढेच मांडावे. ज्याच्या विरोधात एखादी गोष्ट जाते त्यालाही विचारावे व त्याचे म्हणणे लेखात द्यावे. जमीनमालकाने बावखळ बुजविले, यामागे शेती परवडेनाशी झाली, मुलांच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता, अशीही कारणे असू शकतात. ती समजून घेतल्यावाचून लिहिलेला लेख अपुराच राहतो.

कार्यकारणभाव सांगतानाही संयम हवा. बावखळे पावसाचे पाणी साठवितात, त्यामुळे ती बुजविल्याने पाण्याला जागा कमी होते, हे विधान समजण्यासारखे आहे. परंतु अमुक पूर केवळ बावखळे बुजविल्यामुळेच आला, असे म्हणण्यापूर्वी त्या दिवशीचा पाऊस, भरतीची वेळ, नाले व खाड्यांची स्थिती, सखल भागातील भराव या सर्वांचा विचार करावा लागतो. जे दाखविता येते तेवढेच ठामपणे सांगावे.

दुसऱ्याचे लेखन उचलणे हा आणखी एक दोष. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ अन्वये लेखकाच्या हयातीत आणि सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या प्रकाशित साहित्याला संरक्षण असते. दुसऱ्याची माहिती वापरताना तिचा उगम सांगावा. दुसऱ्याने काढलेले छायाचित्रही परवानगीवाचून वापरू नये.

सातत्य

एक चांगला लेख कोणाच्याही हातून लिहून होतो. दहावा लेख लिहिताना खरी परीक्षा असते. आरंभीच्या उत्साहात रोज लिहिण्याचा संकल्प सोडला जातो व महिन्याभरात तो मोडतो. त्यापेक्षा महिन्याला एक लेख व तो ठरलेल्या दिवशीच, असा साधा नेम बरा.

वर्षाचे नियोजन गावाच्या ऋतुचक्रावरून करता येते. पावसाच्या तोंडावर बावखळे व विहिरींची पाहणी करावी. श्रावणात फुलांच्या मागणीवर लिहावे. कार्तिकात शेजारच्या निर्मळची यात्रा भरते, तिच्यातील दुकाने, माणसे व वस्तू यांची नोंद घ्यावी. डिसेंबरात नाताळच्या तयारीत घराघरांतून होणारे पदार्थ व गाणी हा विषय आहे. उन्हाळ्यात पाण्याची पातळी पुन्हा मोजावी व जूनच्या नोंदीशी ताडून पाहावी. अशा रीतीने बारा लेखांत गावाचे एक वर्ष उभे राहते. पुढील वर्षी हेच विषय घेतले तरी पुनरुक्ती होत नाही, कारण मध्यंतरी काय बदलले तेच नवा विषय बनते.

लेख लिहून झाल्यावर तो दोन दिवस बाजूस ठेवावा व नंतर वाचकाच्या दृष्टीने वाचावा. त्या वेळी पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत :

१. पहिल्या तीन वाक्यांत विषय कळतो काय?
२. प्रत्येक तारीख, आकडा व नाव पडताळले आहे काय?
३. गावाचे नाव बदलले तर लेख तसाच राहतो काय? राहत असल्यास त्यात गाव आलेले नाही.
४. कोणते विशेषण काढले तरी अर्थ बिघडत नाही? ते काढावे.
५. कोणाची बाजू ऐकावयाची राहिली आहे काय?
६. ज्याने माहिती दिली, त्याला हा लेख वाचून आपला विश्वासघात झाला असे वाटेल काय?

लेख प्रसिद्ध झाल्यानंतर कोणी चूक दाखविली, तर ती उघडपणे दुरुस्त करावी. गावातील वाचक हा सर्वांत कठोर परीक्षक असतो, कारण लेखातील विहीर त्याच्या घरामागे असते. त्याने काढलेली चूक ही लेखकाला मिळालेली नवी माहितीच होय.

वाचन, सहकार्य आणि प्रोत्साहन

लिहिणाऱ्याने वाचलेही पाहिजे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे ग्रंथालय चळवळीस बळ मिळाले आहे. नवलेखकाने जवळच्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ वाचावे, म्हणजे बारा महिन्यांकडे बारकाईने कसे पाहावे ते कळेल. ‘स्मृतिचित्रे’ वाचावे, म्हणजे घरगुती भाषेत केवढे सामर्थ्य असते ते उमगेल. लेखक होण्यासाठी वाचताना ‘काय सांगितले’ याबरोबरच ‘काय सांगितले नाही’ याकडेही लक्ष द्यावे.

एकट्याने लिहिण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून लिहिणे अधिक लाभदायक असते. एकाने वाड्यांची नावे जमवावीत, दुसऱ्याने गाणी लिहून घ्यावीत, तिसऱ्याने पाण्याच्या नोंदी ठेवाव्यात, चौथ्याने छायाचित्रे काढावीत. महिन्यातून एकदा शाळेत किंवा वाचनालयात एकत्र बसून परस्परांचे लेख वाचावेत. असे लेखन पुरेसे साठले की त्याचे पुस्तक होऊ शकते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. पुस्तक झाले नाही तरी लेखांचा एक संच शाळेच्या ग्रंथालयात ठेवावा. पुढील विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल.

विकासाच्या योजना आखताना नकाशे, आकडे व अहवाल आवश्यक असतात. परंतु एखाद्या वाडीत पाणी कोठून येते, कोणत्या वाटेने वाहते, कोणते शेत पावसात बुडते, कोणते झाड किती जुने आहे, हे तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. हे ज्ञान बोलण्यातच राहिले तर सांगणाऱ्याबरोबर ते नाहीसे होते. नेमके व खरे लिहून ठेवले तर ते ग्रामस्थांना आपले म्हणणे मांडताना उपयोगी पडते आणि प्रशासनालाही वाट दाखविते. वटारच्या एखाद्या विद्यार्थिनीने यंदाच्या जून महिन्यात बावखळाचे पाणी कोठवर आले, ते वहीत दिनांकासह लिहिले, तर वीस वर्षांनी त्या एका ओळीचा शोध घेणारा कोणीतरी निश्चितच असेल. त्या ओळीसाठी वही, पेन्सिल आणि काठापर्यंत चालत जाण्याची तयारी एवढेच साहित्य पुरते.